रुळांपलीकडची पोरगी

आमचं इथलं गाव शिकागोच्या पश्चिमेला, लोकल गाडीनं तासाभरावर. मे महिन्यातल्या शनिवारी संध्याकाळी नदीकाठच्या बागेत गेलं की सतरा-अठरा वर्षांची पोरं फोटोसाठी ओळीनं उभी दिसतात. पोरींचे पायघोळ झगे, पोरांचे भाड्यानं आणलेले कोट, मनगटाला बांधलेली फुलं, आणि मागं पर्स सांभाळत उभ्या असलेल्या आया. याला इथं प्रॉम म्हणतात. शाळेच्या शेवटच्या वर्षातला नाचाचा समारंभ. आपल्याकडचं गॅदरिंग म्हणावं तर तसं नाही. गॅदरिंगला नाटक बसतं, गाणी होतात, बक्षीस वाटप असतं. इथं सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडं: कोण कुणाबरोबर आलं, आणि काय घालून आलं.

या दिवसांत माझी शेजारीण दरवर्षी एक सिनेमा लावते. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिच्या तळघरात जुना सोफा आहे, त्यावर पाय वर घेऊन बसायचं, मक्याच्या लाह्या घ्यायच्या आणि ‘प्रिटी इन पिंक’ बघायचा. १९८६ साली तो थिएटरला लागला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मी त्या वर्षी बेळगावच्या वडगावात मराठी शाळेत चौथीला होते आणि सुट्टीत आईच्या शेजारी बसून मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत होते. हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो २०१३ मध्ये, इथं आल्यावर, तिच्याच तळघरात. तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही.

गोष्ट साधी आहे. अँडी नावाची मुलगी शिकागोच्या एका उपनगरात बापाबरोबर राहते. आई घर सोडून गेलेली. बाप त्या धक्क्यातून सावरलेला नाही, त्याला धड नोकरी नाही. सकाळी उठून मुलगीच त्याला जागं करते, कामाचं बघायला जा म्हणते. ती एका रेकॉर्डच्या दुकानात काम करते, स्वतःचे कपडे स्वतः शिवते, अभ्यासात हुशार आहे. शाळेत मात्र श्रीमंतांच्या पोरांचं राज्य. त्यातलाच ब्लेन नावाचा मुलगा तिच्यावर जीव लावतो आणि प्रॉमला येशील का विचारतो. मग मित्रांनी टोचल्यावर त्याचा धीर सुटतो, तो तिचे फोन टाळतो. आणि लहानपणापासूनचा तिचा दोस्त डकी, जो सायकलवरून तिच्या घरावरून घिरट्या घालतो, तो सगळं बघत बाजूला राहतो.

अँडीचं काम केलंय मॉली रिंगवाल्डनं. सिनेमा लागला त्याच्या दहा दिवस आधी ती अठरा वर्षांची झाली होती. मोठ्या बायका तरण्या पोरींची कामं करतात तसलं काही इथं नाही. तिचे ओठ थरथरतात तेव्हा ते खरे वाटतात. लिहिलाय जॉन ह्यूजनं, दिग्दर्शन हॉवर्ड डॉइचचं. ह्यूज आमच्या इकडचाच, शिकागोच्या उत्तरेला नॉर्थब्रुक आहे तिथल्या शाळेत शिकलेला. तरुण पोरांचं दुःख म्हणजे पोरकटपणा नव्हे, हे त्यानं त्या दशकात सिनेमामागून सिनेमा काढून दाखवलं. हा सिनेमा बराचसा लॉस एंजलिसला चित्रित झाला, त्यामुळं अँडीचं घर इथं शोधून सापडत नाही. मला ते शोधायची गरज कधी वाटली नाही. ते घर मला ठाऊक आहे.

आता मला ज्या प्रसंगाबद्दल लिहायचं आहे तो सांगते. ब्लेन अँडीला आपल्या भारी गाडीतून फिरवून आणतो. रात्र झालेली. तो म्हणतो, घरी सोडतो. आणि ती ऐकतच नाही. आधी काहीबाही कारणं सांगते, मग तिचा आवाज चढतो, आणि शेवटी फुटतंच: मी कुठं राहते ते तुला दिसायला नको आहे. एवढी धीट मुलगी, शाळेत कुणाला न ऐकणारी, आणि पत्त्यापाशी येऊन मोडते.

पहिल्या वेळी हे बघताना मी लाह्यांचं भांडं खाली ठेवलं. मला एकदम नाथ पै सर्कल दिसलं.

बेळगावच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या शहराच्या मधून रेल्वे जाते. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, असेच आम्ही पत्ते सांगतो. रुळांच्या एका अंगाला कॅम्प, झाडांखालचे रस्ते, बंगले. दुसऱ्या अंगाला शहापूर, खासबाग, वडगाव. तिथं गल्लोगल्ली माग. आमच्या घरी दोन यंत्रमाग होते. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत माग, मध्ये लाकडी दार. सकाळी सातला जो खडखडाट सुरू व्हायचा तो रात्रीपर्यंत. आप्पा साड्या विणायचे, आई कांड्या भरायची, मजुरी आठवड्याला. केसांत, जेवणात, अंथरुणात धाग्याचा भुस्सा. मला तो वास अजूनही आवडतो, पण हे मी आता म्हणते.

इथल्या इंग्रजीत गरीब वस्तीतल्या माणसाला रुळांच्या चुकीच्या बाजूचा म्हणतात. शेजारणीनं हे सांगितलं तेव्हा मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. माझं कॉलेज रुळांच्या पलीकडं होतं.

कॉलेजात माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती. तिच्याकडं किनेटिक होंडा. बेळगावचा पाऊस लागला की थांबत नाही, जून ते सप्टेंबर छत्रीचाच संसार. ती रोज म्हणायची, चल, घरापर्यंत सोडते. आणि मी रोज शहापुरातल्या नाथ पै सर्कलला उतरायचे. “इथंच माझ्या मावशीकडं जायचंय.” “इथनं जवळच हाय की, कशाला आत येतीस.” तीन वर्षं मी मावशीकडं जात होते. शहापुरात माझी कुणी मावशी नव्हती. ती गाडी वळवून दिसेनाशी झाली की मी वडगावच्या वाटेला लागायचे, पाऊस असो नसो. तिचं घर मी दहादा बघितलं, तिच्या आईच्या हातचं जेवले. तिनं माझं घर एकदाही बघितलं नाही. तिनं कधी काही विचारलं नाही, आणि हेच मला आज जास्त टोचतं.

हे मी शेजारणीला त्या रात्री सांगितलं. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिच्या लहानपणी ते किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायचे, आणि शाळेच्या बसमधून ती एक थांबा आधी उतरायची. तोवर आम्ही दोघी कुंपणावरून हात हलवणाऱ्या शेजारणी होतो. त्या दिवसापासून मैत्रिणी झालो.

म्हणून कुणी मला विचारलं की हा सिनेमा चाळीस वर्षं का टिकला, तर मी प्रेमाचं नाव पहिल्यांदा घेत नाही. त्यातल्या काही गोष्टी जुन्या झाल्या आहेत. शाळेच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून ब्लेन तिच्याशी बोलतो ते बघून आजची पोरं गोंधळतात. डकीचं तिच्या मागं मागं करणं शेजारणीच्या मुलीला मुळीच खपत नाही, आणि तिचं बरोबर आहे. नकार कळूनही घराभोवती घिरट्या घालणं हे प्रेम नाही. खुद्द रिंगवाल्डनंही २०१८ मध्ये एका लेखात ह्यूजच्या सिनेमांतलं मुलींशी वागणं नव्या नजरेनं तपासलं होतं. तरी दुकानात ओटिस रेडिंगच्या गाण्यावर डकी जीव तोडून नाचतो तेव्हा मला तो आवडतोच. त्याच्याकडं देण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून तो सगळं अंग देऊन नाचतो.

शेवटाची एक हकीकत आहे, ती आमच्यात दरवर्षी वादाला कारण होते. मूळ कथेत अँडी शेवटी डकीबरोबर राहते. तसंच चित्रित झालं होतं. सिनेमा बाहेर पडण्याआधी लोकांना दाखवला तेव्हा त्यांनी त्या शेवटाला हुर्यो दिली. त्यांना अँडीला ब्लेनच मिळायला हवा होता. मग शेवट नव्यानं घेतला. तोवर ब्लेनचं काम करणाऱ्या अँड्र्यू मॅकार्थीनं एका नाटकासाठी डोकं भादरलं होतं, म्हणून त्या प्रसंगात त्याला टोप घालावा लागला. नीट बघितलं तर केस वेगळे दिसतात. शेवट बदलला म्हणून गाणंही बदललं. ओएमडी या इंग्लंडच्या बँडनं एका दिवसात ‘इफ यू लीव्ह’ लिहिलं, आणि ते अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ह्यूजच्या मनात मूळ शेवट राहिला असावा, कारण पुढच्याच वर्षी त्यानं आणि डॉइचनं ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’ काढला. त्यात मुलगा-मुलगी उलट, आणि शेवटी बालपणची मैत्रीणच जिंकते.

शेजारीण ब्लेनच्या बाजूची. मला तो पटत नाही. माफी मागायला तो येतो, तुझ्यावर माझा विश्वास होता, माझाच माझ्यावर नव्हता, असं म्हणतो, पण ते फार उशिरा. माझ्या लेखी तो सिनेमा त्याच्या आधीच पुरा होतो, अँडी एकटीच प्रॉमला जायला निघते तिथं. मी मोडले नाही एवढं त्यांना दिसू दे, असं ती बापाला सांगून निघते. बापाचं काम केलंय हॅरी डीन स्टँटननं. या बापानं पैशाची ओढाताण असताना तिच्यासाठी एक गुलाबी झगा आणलेला असतो, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून नोकरी लागल्याचं खोटं सांगितलेलं असतं. ते खोटं उघडं पडतं तो प्रसंग मी अजून कोरड्या डोळ्यांनी बघू शकलेले नाही. आमच्या आप्पांनी असंच एकदा, दिवाळीला मजुरी आलेली नसताना, आली म्हणून सांगितलं होतं.

आणि तो झगा. बापानं आणलेला एक, दुकानातल्या मैत्रिणीनं तिच्या जुन्या दिवसांतला दिलेला दुसरा, दोन्ही कापून अँडी तिसरा शिवते. रात्री मशीनवर बसून, उसवत, टाचत. तो जगभर नावाजलेला आहे आणि जगभर नावडताही आहे. कंबर ढगळ, गळा बंद, खांदे उघडे. शेजारीण म्हणते, एवढे सुंदर दोन झगे नासवले. मी विणकराची मुलगी, कापडाला कात्री लावताना माझाही जीव खालीवर होतो. पण पहिल्यांदाच तिच्या अंगावर कुणाचं देणं नाही, तिनं ठरवलेलं कापड आहे, म्हणून मला तो हवा तसाच आवडतो.

गेल्या डिसेंबरात बेळगावला गेले तेव्हा हा सिनेमा लॅपटॉपवर घेऊन गेले होते. आप्पा गेले, माग विकून सात वर्षं झाली. आई त्याच घरात राहते. शेजारच्या घरात अजून दोन माग चालतात, त्यांचा आवाज भिंतीतून येतो, तिला त्याशिवाय झोप लागत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर ती पलंगावर टेकली आणि म्हणाली, “काय बघायलीस गे?”

आईला इंग्रजी येत नाही. मी शेजारी बसून सांगत गेले. हा बाप, हा मित्र, हा मोठ्या घरचा. तिला फार सांगावं लागलं नाही. बाप दिसला की म्हणायची, “बरा हाय गे तो. कामाला मात्र जायला पाहिजे.” झगा शिवायचा प्रसंग आला तशी ती उठून बसली, चष्मा लावला. मशीन, कात्री, टाके, सगळं बारकाईनं बघितलं. अँडी तो घालून बाहेर आली तेव्हा म्हणाली, “खांद्याला कापड कमी पडलं बघ.”

मी म्हटलं, “तशी फॅशन आहे.”

“दोन झगे होते म्हणतीस, मग कमी कसं पडलं? कापायला चुकली असंल. पण शिवण सरळ हाय.”

गाडी थांबते आणि ती घर दाखवायला तयार होत नाही, तो प्रसंग आईनं गप्प बसून बघितला होता. त्यावर ती काहीच बोलली नव्हती. शेवटी पार्किंगमध्ये दोघं एकमेकांना भेटली, गाणं वाजलं, नावं वर सरकू लागली. तेवढ्यात लाइट गेली. शेजारचे माग एकदम थांबले. वडगावात ती शांतता कानाला लागते. लॅपटॉपच्या उजेडात आईचा चेहरा दिसत होता.

“मग पुढं घरात घेतली का त्याला?”

“ते दाखवत नाहीत. इथंच संपतो.”

ती थोडा वेळ पदराच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

“तुझ्या त्या किनेटिकवालीला तरी एकदा आणायची होतीस की,” ती म्हणाली. “नाथ पै सर्कलला उतरून भिजत यायचीस. मी चहा ठेवून बसायची, दोघींचा.”

लाइट यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. माग सुरू झाले.