प्रेअरीत कॅम्पग्राउंड निवडताना आधी झाडं बघा, तळं नंतर

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचे पैसे तरी वाचतील. कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांताच्या दक्षिण भागात ‘लेकफ्रंट’, म्हणजे तळ्याकाठच्या, साइटसाठी (साइट म्हणजे तंबू लावायची नेमून दिलेली जागा) एक डॉलरही जास्तीचा मोजू नका. झाडांच्या आडोशाची साइट घ्या, मग पाण्यापर्यंत दहा मिनिटं चालावं लागलं तरी चालेल. अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरीतली बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात रॉकीजच्या डोंगरातल्या बॅन्फ-जॅस्परकडे जातात. तिथे बुकिंग मिळालं नाही की गाड्या पूर्वेकडे वळतात, आणि डोंगरातले ठोकताळे घेऊनच आपण प्रेअरीत, म्हणजे सपाट गवताळ मैदानात, उतरतो. डोंगरात तळ्याकाठची साइट सगळ्यात भारी असते. इथे ती सगळ्यात वाईट ठरू शकते. आम्हाला हे कुणीही सांगितलं नव्हतं, ना वेबसाइटने, ना बुकिंग घेणाऱ्या माणसाने. म्हणून एवढं लिहितेय.

आम्ही दोघं, दोन मुलं आणि कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई. एक गाडी, दोन तंबू. कॅल्गरीहून मेडिसिन हॅट, सायप्रस हिल्स, तिथून ग्रासलँड्स नॅशनल पार्क, मग उत्तरेला डीफेनबेकर सरोवर, कापेल खोरं आणि शेवटी शेजारच्या मॅनिटोबा प्रांतातलं रायडिंग माउंटन. तंबू लावता येतो, गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक जमतो आणि रात्री थंडी वाजणार हे ठाऊक आहे, असं धरून लिहितेय.

आता ते तळ्याकाठचं प्रकरण. डीफेनबेकरच्या काठावरचं एक खासगी कॅम्पग्राउंड. नाव लिहीत नाही. फोटोत हिरवंगार गवत, लाकडी टेबल आणि टेबलापासून चार पावलांवर निळं पाणी. हे सरोवर नैसर्गिक नाही. साउथ सस्कॅचवन नदीवर १९६७ साली पूर्ण झालेल्या गार्डिनर धरणामुळे ते तयार झालं आणि त्याची लांबी सुमारे २२५ किलोमीटर आहे. ते भरतं रॉकीजमधल्या वितळलेल्या बर्फावर. वसंतात पाणी खूप खाली गेलेलं असतं आणि सहसा जुलैच्या सुमारास ते वर येतं. फोटो भरलेल्या सरोवराचा होता. आम्ही जूनमध्ये पोहोचलो तेव्हा टेबल आणि पाणी यांच्यामध्ये भेगाळलेल्या राखाडी चिखलाचा भलामोठा पट्टा होता. मुलं पळत गेली आणि घोट्यापर्यंत रुतून परत आली. धरणाच्या पाण्याकाठी जुलैच्या आधी साइट घेत असाल तर फोन करून ‘आज पाणी कुठपर्यंत आहे’ असं थेट विचारा. उत्तर गोलमाल आलं तर फोन ठेवून द्या.

पैशाचं ऐका. वेबसाइटवर ‘४५ डॉलरपासून’. काउंटरवर दुसऱ्या तंबूचे १५, लेकफ्रंटचे १०, चारच्या वर माणसं म्हणून पाचव्या माणसाचे १२, लाकडाच्या मोळीचे १०. झाले ९२. आंघोळीला एक-एक डॉलरची नाणी वेगळी. मोळी तर घेऊच नका, आमची आतून ओली होती आणि पेटलीच नाही. पैसे परत मागितले तर ‘लाकूड दिलं, पेटवणं तुमच्याकडे’ असं उत्तर मिळालं. म्हणून बुकिंगच्या वेळी माणसं किती, तंबू किती, गाड्या किती हे सांगून एकूण रक्कम ईमेलवर लिहून घ्या. ‘पासून’ हा शब्द दिसला की हे केलंच पाहिजे.

पण ९२ डॉलर एक वेळ सहन झाले असते. वारा सहन झाला नाही. चार वाजता पोहोचलो तेव्हा झुळूक होती. सात वाजता कुकरच्या झाकणावर मातीचा थर बसला. नऊच्या सुमारास तंबूचा पश्चिमेकडचा खांब इतका वाकला की कापड सासूबाईंच्या तोंडाला टेकत होतं. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, हा वारा थांबत नाही का कधी?” तो थांबला नाही. मध्यरात्रीनंतर खांबाची नळी जोडापाशी फाटली आणि आम्ही पाचही जण गाडीत बसून रात्र काढली. साइट म्हणजे दाबून बसवलेली खडी होती. तंबूबरोबर येतात त्या खुंट्या तिच्यात दोन इंचही गेल्या नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे लांब लोखंडी खिळे आणि हातोडा, या दोन गोष्टींशिवाय प्रेअरीत जाऊ नका.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण साइट निवडण्याची सगळी गोम इथेच आहे. या भागात वारा बऱ्याचदा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. संध्याकाळची वादळंही बहुधा तिकडूनच येतात. शेतातून येणाऱ्या वाऱ्याला कुंपण, घर, झाडांची रांग अशी काहीतरी आडकाठी असते. पाण्यावर काहीच नसतं. तळं जेवढं लांब आणि वाऱ्याच्या दिशेने पसरलेलं, तेवढा वारा मोकळा धावतो आणि तेवढ्याच लाटा उठतात. म्हणजे लांब तळ्याच्या पूर्व किनाऱ्यावरची उघडी साइट घेतली की तळ्यावरचा सगळा वारा तुमच्या तंबूवर येणार. पश्चिम किनारा, एखादी आत शिरलेली खाडी, किंवा उताराच्या पायथ्याची साइट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्यामुळे बुकिंगच्या पानावरचे फोटो बाजूला ठेवा आणि उपग्रहाचं चित्र उघडा. साइटच्या पश्चिमेला गडद हिरवा पुंजका दिसतो का? त्याची सावली पडलेली दिसते का? सावली असेल तर झाडं खरंच उंच आहेत, नाहीतर ती झुडपं. पश्चिमेचीच झाडं हवीत याला आणखी एक कारण आहे. जूनअखेर इथे सव्वानऊच्या पुढे सूर्य मावळतो, आणि पाचपासून नऊपर्यंतचं तिरपं ऊन उघड्या साइटवर असह्य होतं. लहान मुलांना तंबूत झोपवायचं असेल तर ही सावली म्हणजेच झोप. फक्त जुन्या, वाळलेल्या फांद्यांच्या पॉप्लरखाली तंबू लावू नका. वाऱ्यात त्या फांद्या मोडतात.

यातूनच एक चांगली गोष्ट कळली. छोट्या गावांची स्वतःची कॅम्पग्राउंड असतात, बेसबॉलच्या मैदानाशेजारी किंवा कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या रिंकमागे. दिसायला काही नाही, पण भोवती कॅरागानाची दाट झुडपं आणि झाडांच्या रांगा असतात. या रांगा माणसांनी मुद्दाम लावलेल्या आहेत. सस्कॅचवनमधल्या इंडियन हेडला १९०१ साली सरकारी रोपवाटिका सुरू झाली आणि वारा अडवण्यासाठी तिने शतकभराहून जास्त काळ शेतकऱ्यांना रोपं पुरवली. आदल्या रात्री गाडीत बसून काढल्यावर अशा एका रांगेच्या आडोशाला आम्ही उरलेला तंबू लावला. बाहेर शेतात गहू आडवा होत होता आणि आमच्या टेबलावरचा कागदी रुमालसुद्धा जागचा हलला नाही. दाराशी पेटी असते, पाकिटात पैसे घालून टाकायचे, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवा. प्रांतातली रीजनल पार्क नावाची स्थानिक लोकांनी चालवलेली पार्कंही अशीच, साधी आणि परवडणारी. माझं मत स्पष्ट आहे: महामार्गालगतच्या खासगी जागेपेक्षा गावचं कॅम्पग्राउंड कधीही बरं.

त्यात एकच अडचण, आगगाडी. ट्रान्स-कॅनडा महामार्गाच्या कडेने मालगाड्यांची मुख्य लाइन जाते. प्रत्येक फाटकाला दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिट्टी होते, रात्रीसुद्धा. नकाशात रूळ आणि फाटक कॅम्पग्राउंडपासून किती दूर आहेत ते मोजा. एक किलोमीटरच्या आत असेल तर दुसरं गाव बघा. सासूबाईंसारखी हलकी झोप असणारं कुणी बरोबर असेल तर दोन किलोमीटर धरा.

ग्रासलँड्स नॅशनल पार्क माझ्या झाडांच्या नियमाला अपवाद आहे आणि तिथे जरूर जा. व्हॅल मारी गावाजवळच्या फ्रेंचमन व्हॅलीत झाडं जवळजवळ नाहीतच. पण तिथे कुणी तुम्हाला सावलीचं आश्वासनही देत नाही. खऱ्या गवताळ प्रदेशात आलात, तो असाच आहे. २०००च्या दशकात इथे बायसन, म्हणजे गव्यासारखे मोठे रानटी प्राणी, परत आणले गेले. काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग (कुत्रे नव्हेत, बिळात राहणारे खारीच्या कुळातले प्राणी) नैसर्गिक अधिवासात बघायला कॅनडात दुसरी जागा नाही. २००९पासून हे डार्क स्काय प्रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीचा अंधार मुद्दाम जपलेली जागा. रात्री उशिरा बाहेर आलो तर आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत होती आणि धाकट्याने विचारलं, “आई, हे रोज असतं?” मी त्या रात्री इतकी खूश होते की वाऱ्यापाण्याच्या सगळ्या तक्रारी मागे घ्यायला तयार होते, म्हणून या जागेबद्दलचं माझं मत थोडं कमी करून घ्या. तरीही सांगते, सगळ्या सहलीतली एकच जागा निवडायची असेल तर हीच. सायंकाळच्या आत तंबू लावा, सगळ्या दोऱ्या ताणा आणि स्वयंपाकाला गाडीचा आडोसा घ्या. बूट रात्री आत घ्या आणि सकाळी झटकून घाला, कारण इथे रॅटलस्नेक हे विषारी साप आहेत. बायसनपासून किमान शंभर मीटर लांब राहा. पेट्रोल आणि किराणा स्विफ्ट करंट शहरातच भरा, तिथून व्हॅल मारी सुमारे १२० किलोमीटर आहे.

या भागात फोनवरचा नकाशा सुचवेल तो जवळचा रस्ता घेऊ नका. खडीचे रस्ते ठीक, पण मातीचे रस्ते पावसात जातात. इथली चिकणमाती सोलापूरकडच्या काळ्या रानासारखी आहे: कोरडी असताना दगड, भिजली की चाकाला धरून बसते. गाडीच्या चाकावरच्या पोकळीत ती इतकी भरते की चाक फिरणं बंद होतं. चारही चाकांना जोर देणारी गाडीही तिथे कामाची नाही. ओला असताना हा रस्ता वापरू नका अशा अर्थाची पाटी दिसली तर ती अक्षरशः पाळा. रात्री पाऊस पडून गेला असेल तर सकाळी निघायची घाई नको, दुपारपर्यंत ऊन-वाऱ्याने तोच रस्ता कोरडा होतो.

सायप्रस हिल्समध्ये लॉजपोल पाइनचं जंगल आहे, थंड हवा आहे, साइट आडोशाच्या आहेत. काही अडचण आली नाही, तेव्हा लिहिण्यासारखं काही नाही. जा.

कापेल खोऱ्यातल्या तळ्यांबद्दल मात्र सावध करते. एको आणि पास्क्वा या दोन तळ्यांच्या मधलं एको व्हॅली प्रॉव्हिन्शियल पार्क रेजायनाहून तासाभरावर आहे, आणि खोऱ्यात असल्यामुळे वारा कमी लागतो. पण उन्हाळा तापला की या तळ्यांत निळं-हिरवं शेवाळ वाढतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर मुलांना पाण्यात सोडू नका, कुत्र्याला तर अजिबात नको. ते पाणी उकळूनही विष जात नाही, त्यामुळे भांडी धुवायलाही वापरू नका. पोहणं हाच बेत असेल तर इथे जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला या. जूनमध्ये गोचिडी असतात, ते वेगळं. रोज रात्री मुलांचे कान, मान आणि केस चाचपून बघा.

बुकिंगचं म्हणाल तर सस्कॅचवनच्या प्रॉव्हिन्शियल पार्कची आरक्षणं वसंतात टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि झाडांच्या साइट पहिल्या झटक्यात जातात. शुक्रवार-शनिवार सोडून रविवार ते गुरुवार बघा. साइटचं भाडं वेगळं आणि गाडीचा प्रवेश परवाना वेगळा, हे हिशेबात धरा. लाकडं घरून नेऊ नका, झाडांचे रोग आणि किडे त्यातूनच पसरतात. कोरड्या उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी येते, तेव्हा गॅसची शेगडी असू द्याच.

वादळाचा इशारा देणारं वेदरकॅन हे सरकारी ॲप फोनवर हवंच. साइटवर पोहोचल्या पोहोचल्या पक्क्या बांधकामाची इमारत कुठे आहे ते बघून ठेवा, बहुतेक वेळा ती शौचालयाचीच असते. वीज चमकायला लागली की तंबूत थांबायचं नाही. घरातली वयस्कर माणसं बरोबर असतील तर साइट त्या इमारतीपासून फार लांब घेऊ नका. सासूबाईंना रात्री दोनदा उठावं लागतं आणि अंधारात खडीवरून चालणं त्यांना जड गेलं.

रायडिंग माउंटनमध्ये आमचे दिवस सुखात गेले. तिथल्या क्लिअर लेकमध्ये झेब्रा मसल, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले, सापडल्यापासून बोटींवर कडक नियम आहेत, तेव्हा कयाक न्यायची असेल तर आधी विचारा. अल्बर्टाहून सस्कॅचवनमध्ये जाताना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, पण मॅनिटोबात शिरलं की ते एक तास पुढे जातं. संध्याकाळी उशिरा पोहोचणार असाल तर कॅम्पग्राउंडचं ऑफिस त्यांच्या घड्याळानुसार बंद होईल.