प्रमाणपत्रांची फाईल आणि कॅपची फेरी

आज भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची कागदपत्रं लावायला ताईकडे कर्वेनगरला गेले होते. वक्तृत्व, नाटक, चित्रकला, सगळ्या प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल ताईनं काढून ठेवलेली. "यातलं कॅपला काय चालेल गं?"

काहीच नाही. कॅप म्हणजे राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, तिथे एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनचे गुण बघतात. दहावीला इंटरमिजिएट चित्रकलेचे वाढीव गुण मिळाले, तेवढाच हिशेबातला फायदा.

अपवाद आहेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट राष्ट्रीय गणित ऑलिंपियाड गाजवलेल्यांना प्रवेशपरीक्षेशिवाय घेते. आयआयटी मद्रासनं २०२४ पासून खेळाडूंसाठी वेगळ्या जागा ठेवल्या, पण जेईई ॲडव्हान्स्डची रँक तिथेही लागतेच. म्हणून 'प्रवेशाला उपयोगी' म्हणत पैसे घेऊन पदकं वाटणाऱ्या स्पर्धांचा मला मनापासून राग येतो. पालकांची चक्क फसवणूक आहे ती.

पण गुण नाहीत म्हणून नाटक सोडायचं? हे तर मला अजिबात पटत नाही. नववीत वर्गात उभं राहायला घाबरणारी ही मुलगी तालमींमुळेच बोलायला लागली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

"मावशी, यातल्या कुठल्या कॉलेजांचे संघ पुरुषोत्तम करंडकाला उतरतात?" भाचीनं विचारलं. ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. पसंतीक्रम भरताना आता तेही बघणार आहोत. कुणाला माहिती असेल तर कृपया कमेंटमध्ये सांगा.