विटण्याची किंमत

कापड घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘रंग जाणार नाही ना?’ सत्तरच्या दशकात मॉस्को-लेनिनग्राडमध्ये जीन्स घेणारा तरुण नेमकं उलटं तपासायचा. आगकाडीचं गुल नसलेलं टोक ओलं करायचं आणि मांडीवरच्या कापडावर चांगलं दाबून घासायचं. काडी निळी झाली तर माल अस्सल. पांढरीच राहिली तर पैसे खिशातच ठेवायचे.

परीक्षा गावठी, पण तिच्यामागचं रसायन पक्कं. निळीच्या कुंडातून काढलेलं सूत आधी पिवळट-हिरवं दिसतं, हवा लागली की निळं होतं. अशा अनेक बुड्या दिल्या तरी रंग वरवरच बसतो, धाग्याचा गाभा पांढरा राहतो. त्यात उभे धागे तेवढे निळे, आडवे पांढरेच. म्हणून गुडघा, मांडी, खिशाची कड अशी जिथे घासेल तिथे जीन्स उजळत जाते आणि प्रत्येकाची वेगळी उजळते. सोव्हिएत गिरण्यांचा सगळा कटाक्ष पक्क्या रंगावर. रंग सुटणं म्हणजे दोष, असा माल तपासनीस नापास करणार. त्यामुळे देशी जीन्स वर्षानुवर्षं सारखी निळी राहायची. तपासणीत पास आणि तरुणांच्या लेखी नापास!

जीन्स घातलेले परदेशी तरुण मॉस्कोने मोठ्या संख्येने पाहिले ते १९५७ च्या युवक महोत्सवात. पुढे लीव्हाइस, ली, रँग्लर ही नावं तोंडपाठ झाली. १९८० च्या आसपास सरासरी पगार महिन्याला १७० रुबलच्या घरात होता आणि चांगली जीन्स काळ्या बाजारात दीडशे-दोनशेला जायची. ‘बेर्योझ्का’ दुकानांत परदेशी माल मिळे, पण तिथे साधे रुबल चालत नसत. उरला फार्त्सोव्शिक, म्हणजे परदेशी पर्यटकांकडून माल घेऊन विकणारा दलाल. नफ्यासाठी खरेदी-विक्री हा गुन्हा होता, दंडसंहितेचं १५४ वं कलम. धंदा म्हणून केलं तर दोन ते सात वर्षं कैद. साहजिकच व्यवहार जिन्यात नाहीतर सार्वजनिक शौचालयात, दोन मिनिटांत. घालून बघायला वेळच नाही. याच घाईवर एक लबाडी पोसली गेली : जीन्स मधोमध कापायची, एकच पाय लेबल वर येईल अशी घडी घालून पाकिटात बंद करायचा. घरी गेल्यावर पाकिटातून अर्धी जीन्स निघे. तक्रार करायला जाणार कुठे?

ज्यांना जीन्स परवडत नसे ते परदेशी छापाच्या प्लास्टिकच्या पिशवीवर हौस भागवत. तीही काळ्या बाजारात काही रुबलना. ओझ्याला आपली जाळीची ‘अवोस्का’ असायचीच, ही पिशवी मिरवायला. मळली की कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवायची, कारण चोळली तर छाप निघतो आणि छाप गेला की पिशवीची किंमतही गेली. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटू नये.

ऐंशीच्या दशकात ‘वार्योन्की’ची, म्हणजे उकळलेल्या जीन्सची लाट आली आणि विटणं चुलीवरच होऊ लागलं. जीन्स पिळून सुतळीने करकचून बांधायची, एनॅमलच्या बादलीत उकळतं पाणी, त्यात पेलाभर ‘बेलिझ्ना’ हे ब्लीच, आणि पंधरा-वीस मिनिटं लाकडी दांड्याने खालीवर करायचं. गाठ सैल राहिली तर नक्षी उठत नाही, सगळी जीन्स सरसकट फिकट होते. ब्लीच जास्त झालं किंवा उकळी लांबली तर सूतच कुजतं आणि पहिल्यांदा उकिडवं बसताच गुडघा फाटतो. कापडात पॉलिस्टर असेल तर ते धागे रंग सोडतच नाहीत. खिडक्या सताड उघड्या हव्यात, नाहीतर क्लोरीनच्या वाफेनं ठसका लागतो. गिरणीचा पक्का रंग काढायची ही सगळी खटपट. १९८७ नंतर सहकारी कार्यशाळांना मुभा मिळाली, तेव्हा त्यातल्या कित्येकांनी हाच उद्योग उघडपणे सुरू केला. विटलेल्या जीन्सवर परदेशी वाटेल असं एक लेबल शिवलं की भाव आणखी चढायचा.