रूम तर तयार आहे!

"साहेब, रूम तर तयार आहे. तुम्हीच येत नाही आहात."

रिसॉर्टचा मॅनेजर इतक्या गोडीत बोलला की क्षणभर मलाच ओशाळल्यासारखं झालं. घाटात दरड कोसळलेली, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने वाहतूक बंद. तर म्हणे, "इकडे मस्त ऊन पडलंय!" वर पुराव्यादाखल व्हॉट्सॲपवर रिकाम्या स्विमिंग पूलचा फोटो.

बुकिंगचा भरलेला ॲडव्हान्स परत मिळणार नाही म्हणे. पुढची तारीख घ्या, तीही दिवाळी-नाताळ सोडून.

त्याचंही खरं आहे म्हणा. मासळी आणून ठेवलेली, कामाच्या पोरांचे पगार चालूच. थोडे पैसे कापले असते तर ब्र काढला नसता. पण सगळेच?

१८७२ च्या करार कायद्यात कलम ५६ आहे, करार पाळणं अशक्य झालं तर तो रद्द. ६५ म्हणतं, घेतलेला लाभ परत करा. आता बंद घाट म्हणजे 'अशक्य' की नुसती आमची गैरसोय, यावर वकील लोक तासभर भांडतील. ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने लॉकडाऊनमधल्या तिकिटांचे पैसे परत करायला लावले, पण ते विमान कंपन्यांना.

तुमच्यापैकी कुणाला असा ॲडव्हान्स परत मिळालाय का? काय बोलून मिळवलात?