आमची वाटचाल : मागाच्या वादीपासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे चामडेकामाचे छोटेसे कारखानावजा दुकान आहे. तेथे आज प्रामुख्याने कुत्र्यांचे गळपट्टे आणि त्यांना फिरायला नेताना हाती धरायचे चामडी पट्टे तयार होतात. नवीन ग्राहक आले की चादरी आणि टॉवेलांच्या या गावात हा व्यवसाय कसा काय सुरू झाला, असे हमखास विचारतात. खरे पाहता तो चादरी आणि टॉवेलांतूनच आला आहे, आणि चांगला पट्टा कोणता हे आम्हाला कळले तेही कापड विणणाऱ्या मागामुळेच. म्हणून ही वाटचाल मागापासूनच सांगणे योग्य ठरेल.

आजोबांच्या काळात विहिरीवरची मोट, बैलांच्या गळ्यातल्या घुंगूरमाळांचे पट्टे आणि टांग्याच्या घोड्याचा साज, अशी कामे घरात होत असत. पाण्याचे इंजिन आले तशी मोट गेली आणि रिक्षा आल्या तसा टांगाही मागे पडला. वडिलांनी मात्र वेळीच यंत्रमागांचे काम धरले. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून या शहराची चूल मागावर पेटत आली आहे. जुन्या धाटणीच्या मागाला चामड्याच्या वाद्या, म्हणजे अरुंद पट्ट्या, सतत लागतात, कारण आडवा दोरा नेणारा धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकणारी काठी ज्या वादीने ओढली जाते, त्या वादीला प्रत्येक फेकीला एक जोरदार हिसका बसतो. असे हिसके मिनिटाला शंभराहून अधिक आणि पाळीमागून पाळी बसत राहतात. अशा ठिकाणी साधे चामडे आठवडाभरही टिकत नाही.

वडिलांकडे येणारे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल पाहणारे मुकादम, वादी घेताना तिची लांबी नंतर मोजत. आधी ती दोन्ही अंगठ्यांवर उलटी दुमडून उजेडाकडे धरत, घडीवर बारीक सुरकुत्या पडतात की भेग दिसते ते पाहत, आणि मग कापलेल्या कडेवरून नख फिरवून आतला धागा घट्ट आहे की भुसभुशीत ते तपासत. ही परीक्षा लहानपणापासून डोळ्यांसमोर असल्यामुळे चामड्याला वजन पेलता येते की नाही यापेक्षा त्याला हिसका सोसतो की नाही हे महत्त्वाचे, ही गोष्ट आमच्या हातांना आधी समजली आणि शब्दांत नंतर मांडता आली.

पुढे नायलॉनच्या वाद्या आल्या, धोट्याशिवाय चालणारे मागही आले आणि आमची मागणी वर्षागणिक घटत गेली. चांगले चामडे निवडण्याची नजर आणि शिवणकामाचा हात घरात होता, परंतु त्यांना काम उरले नव्हते. सिद्धेश्वर यात्रेतील जनावरांच्या बाजारात घुंगूरमाळा विकण्यासाठी आम्ही बसत असू. तेथे एक शेतकरी आपल्या कारवानी जातीच्या कुत्र्यासाठी पट्टा शोधत आले. त्यांच्या हातात जाड लोखंडी साखळी होती. ते म्हणाले, “साखळी तुटत नाय मालक, पण कुत्र्याची मान सोलून निघतीय आन माझा तळहात बी.” आम्ही मागाच्या वादीसाठी ठेवलेल्या चामड्यातून त्यांना एक पट्टा व एक रुंद गळपट्टा शिवून दिला. पुढच्या यात्रेत ते आपल्या गावच्या आणखी काही मंडळींना घेऊन आले, आणि आमच्या आजच्या व्यवसायाची सुरुवात येथूनच झाली असे म्हणता येईल.

कारवानी आणि मुधोळ ही कुत्र्यांच्या जातींची दोन्ही नावे आमच्या भागाला परकी नाहीत. मुधोळ शेजारच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे आणि सोलापूरच्या शेतवस्त्यांवर अशी सडपातळ, लांब पायांची शिकारी कुत्री पूर्वापार दिसतात. त्यांचे डोके अरुंद आणि मान लांब असते, त्यामुळे साधा गळपट्टा डोक्यावरून सहज निसटतो, आणि ससा किंवा मांजर दिसताच ती क्षणात पूर्ण वेग घेतात. या कुत्र्यांच्या निमित्ताने आम्ही पट्ट्याचा विचार मागाच्या वादीप्रमाणेच करू लागलो. स्थिर उभे राहून ओढणारे कुत्रे पट्ट्यावर फारसा ताण देत नाही. सैल पट्ट्यात दोन-तीन पावले धावून ते अचानक अडते तेव्हा जो हिसका बसतो, तो त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकतो. पट्टा जितका लांब तितकी धावायला जागा अधिक, जागा अधिक तितका वेग अधिक आणि वेगाबरोबर हिसकाही मोठा. त्यामुळे लांब पट्टा हवा असणाऱ्यांनी चामडे, शिवण आणि हुक या तिन्ही बाबतींत अधिक चोखंदळ असले पाहिजे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

चामड्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ग्राहकांची सर्वाधिक फसगत येथेच होते. कातड्याचा केसांकडचा वरचा थर घट्ट विणीचा असतो आणि खरी ताकद त्या थरात व त्याला लागून असलेल्या भागात असते. तो न घासता तसाच राखलेले चामडे बाजारात फुल ग्रेन म्हणून ओळखले जाते. जाड कातडे आडवे चिरून खालचा जो थर वेगळा निघतो त्याला स्प्लिट म्हणतात. त्यावर प्लास्टिकचा पातळ लेप देऊन वरच्या थरासारखी नक्षी उठवली की नवखा माणूस फरक ओळखू शकत नाही. याहून खालची प्रत म्हणजे चामड्याचा भुगा चिकट द्रव्यात दाबून केलेली पत्री. अस्सल चामडे असा छाप असला तरी त्यावरून ते कोणत्या थराचे आहे हे कळत नाही, म्हणून छापावर विसंबू नये. पट्टा घट्ट दुमडून पाहावा. फुल ग्रेन चामड्यावर बारीक, जिवंत सुरकुत्या उमटतात आणि पट्टा सोडताच त्या बऱ्याच अंशी मिटतात, तर लेपाच्या चामड्यावर एक सपाट, चकचकीत घडी पडते किंवा तडा दिसतो. त्यानंतर कापलेली कड पाहावी. ती जाड रंगाने पूर्ण झाकलेली असेल तर आत काय आहे ते विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

चामडे कसे कमावले आहे, हाही तितकाच महत्त्वाचा भाग आहे. क्रोमच्या क्षारांत कमावलेले चामडे मऊ असते आणि पाण्याला चांगले टिकते, परंतु ते ताणले जाते. त्याची ताजी कापलेली कड बहुधा निळसर-राखाडी दिसते. झाडांच्या सालीत व फळांत कमावलेले चामडे सुरुवातीला ताठ असते, त्याला तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, मात्र ते वापराने हाताला बसते आणि फारसे लांबत नाही. बाभळीची साल, हिरडा आणि आपल्याकडच्या कोरड्या माळावर पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड, ही सारी कातडी कमावण्याची जुनी द्रव्ये आहेत. आम्ही पट्ट्यासाठी हेच चामडे वापरतो. २०१५ साली राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आल्यानंतर आम्ही पूर्णपणे म्हशीच्या चामड्याकडे वळलो. ते जाड आणि भरड पोताचे असले तरी नीट निवडले तर पट्ट्याला उत्तम ठरते. कानपूरकडे घोड्यांच्या साजासाठी ते कमावण्याची परंपराच आहे.

एकाच चामड्याचा प्रत्येक भाग सारखा नसतो. पाठीचा भाग घट्ट असतो आणि पोटाकडचा सैल. पोटाकडून कापलेली पट्टी महिन्याभरात लांबते, पातळ होते आणि तिच्या कडा लाटांसारख्या वळतात. म्हणून आम्ही पाठीचाच भाग घेतो व पट्टी कण्याच्या दिशेने उभी कापतो. नंतर ती ओलसर करून, ताणून, सावलीत सुकवतो, म्हणजे तिच्यात जी काही लांबण्याची शक्यता असेल ती ग्राहकाकडे जाण्यापूर्वीच निघून जाते. पोटाकडचा उरलेला माल वाया जात नाही. चपलांचे कारागीर तो अस्तरासाठी नेतात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे. आमचे दोन्ही ज्येष्ठ कारागीर अशाच चपला करणाऱ्या घरांतून आलेले आहेत आणि रापी, म्हणजे चामडे कापण्या-तासण्याचे पाते, धरण्याची त्यांची पद्धत पाहिली तरी त्यांचे शिक्षण कोठे झाले ते ओळखू येते.

पट्टा तुटतो तो बहुतेक वेळा मधे नव्हे, तर हुकाजवळच्या घडीत. त्यामुळे आमच्याकडे सर्वाधिक वेळ त्या चार बोटांच्या जागेवर खर्च होतो. पट्टीचे टोक रापीने आतल्या बाजूने उतरते तासले जाते. वरच्या थराला हात लागता कामा नये, आणि तासलेला भाग एकदम पातळ न होता हळूहळू उतरत गेला पाहिजे. मग ते टोक हुकाच्या कडीतून वळवून पट्टीवर बसवले जाते, आरीने तिरकी छिद्रे पाडली जातात आणि एकाच मेणलावल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी एक एक सुई काढत शिवण घातली जाते. या शिवणीचा गुण असा की एखादा टाका झिजून तुटला तरी बाकीचे टाके आपापल्या जागी धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असल्याने एक टाका तुटला की शेजारचे सैल पडू शकतात. दोरा सुती नको, तो घामाने व पाण्याने कुजतो. टाके अगदी जवळजवळ दिसले तर ते सुबक कामाचे लक्षण मानू नये, कारण छिद्रे फार दाट पडली की चामडे टपाल तिकिटांच्या पानासारखे त्याच रेषेवर फाटते. इंचाला पाच ते सहा टाके आम्हाला योग्य वाटतात. काहीजण रिबिट मारलेला पट्टा मागतात. शिवणीच्या जोडीला रिबिट असायला हरकत नाही, पण केवळ एका रिबिटावर सोडलेली घडी मोठ्या कुत्र्यासाठी घेऊ नये.

हुकाच्या बाबतीत चकाकी हा निकष धरणे धोक्याचे आहे. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव हुक दिसायला सुंदर असतात, परंतु ते वाकण्याची पूर्वसूचना न देता एकदम मोडतात. पितळेचा हुक जड असतो, गंजत नाही आणि त्यावर हिरवट छटा आली तरी ती घासून निघते. लोहचुंबक लावून केवळ लोखंड ओळखता येते, कारण पितळ आणि जस्त दोन्ही त्याला चिकटत नाहीत. त्यामुळे हुकाच्या आतल्या, नजरेस न येणाऱ्या बाजूला हलकेच ओरखडा काढून आतला रंग पिवळा आहे की करडा ते पाहणे हीच सोपी परीक्षा होय. हुकाचा तळ स्वतःभोवती मोकळा फिरला पाहिजे, नाहीतर कुत्र्याने दोन गिरक्या घेताच पट्ट्याला पीळ पडतो.

आता मापांविषयी. दहा किलोपर्यंतच्या लहान कुत्र्याला बारा मिलिमीटर रुंदी पुरते, मध्यम कुत्र्याला अठरा ते वीस आणि लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्याला पंचवीस. जाडी तीन ते चार मिलिमीटर असावी. पॉमेरेनियनला मोठा पितळी हुक लावून देण्याची मागणी आम्ही नम्रपणे नाकारतो, कारण तो भार त्या इवल्याशा मानेवर दिवसभर राहतो. नवी पेठेसारख्या गर्दीतून जायचे असेल तर चार फुटांचा पट्टा घ्यावा. विजापूर रस्त्याकडे पहाटे मोकळ्या जागेत फिरणाऱ्यांना सहा फूट सोयीचे पडतात. दात येत असलेल्या पिल्लासाठी चामड्याचा पट्टा आम्ही विकतच नाही. चामडे त्याला खाद्यासारखे वाटते आणि ते चावून गिळल्यास पोटाला अपाय होतो. त्याचे चावणे थांबेपर्यंत साधी जाड दोरी वापरावी आणि नंतर आमच्याकडे यावे, असे त्या ग्राहकाला सांगून आम्ही परत पाठवतो. दुकानाच्या दृष्टीने हा तोटा असला तरी तो आम्हाला मान्य आहे.

सोलापूरच्या हवेत पट्ट्याला खरे संकट उन्हाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की गच्चीवर किंवा गाडीत राहिलेला पट्टा आतले तेल गमावून बसतो आणि पहिल्या हिसक्याला त्यावर चिरा पडतात. भिजलेला पट्टादेखील उन्हात न टाकता सावलीत, लटकवून सुकवावा. तेल लावताना एक काळजी अवश्य घ्यावी. आपल्या घराघरांत करडईचे तेल असते आणि पुष्कळजण तेच चामड्यालाही लावतात, परंतु करडईचे तेल हवेत सुकून चिकट थर धरते आणि त्यावर धूळ बसून पट्टा कडक होतो. त्याऐवजी जुन्या लोकांप्रमाणे एरंडेलाचा अगदी पातळ हात कापडाने फिरवावा, रात्रभर मुरू द्यावा आणि सकाळी उरलेले पुसून घ्यावे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढे पुरेसे आहे. पट्टा तेलात भिजवून ठेवू नये, त्याने तो लिबलिबीत होतो आणि छिद्रे मोठी होतात.

आमचे काम आजही लहानच आहे. पुण्या-हैदराबादकडून मागणी येते, पण हाताने शिवायचे असल्यामुळे आठवड्याला किती पट्टे द्यायचे याची मर्यादा आम्ही स्वतःच घालून घेतली आहे. दुरुस्तीसाठी मात्र केव्हाही यावे. आमच्याकडून घेतलेला असो वा दुसरीकडून, पट्टा टेबलावर ठेवून प्रथम हुकाजवळची घडी उलगडून पाहिली जाते. दोरा झिजला असेल तर त्याच छिद्रांतून पुन्हा शिवून मिळतो आणि हुकाची स्प्रिंग गेली असेल तर हुक बदलून मिळतो. घडीच्या आत चामड्यालाच चीर गेलेली आढळली तर ते टोक कापून, मागच्या निरोगी भागावर नवी घडी घालून दिली जाते. त्यात पट्टा वीतभर आखूड होतो, याची कल्पना आम्ही कापण्यापूर्वीच देतो.