'नॉक्स'पासून 'नोचे' मिळत नाही

लॅटिन कोशात 'रात्र' या अर्थी 'नॉक्स' सापडतो. त्यावरून स्पॅनिश 'नोचे' किंवा इटालियन 'नॉत्ते' कसा झाला हे लावायला बसलात, तर गाडी पहिल्याच पायरीवर अडते. रोमान्स भाषांतली (म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांतली) बहुतेक नामं प्रथमेतून नाही, द्वितीयेतून आली आहेत. द्वितीयेचं रूप 'नॉक्टेम'. त्यातला शेवटचा 'म' बोलण्यात फार लवकर गळला; रोमच्या स्किपिओ घराण्याच्या इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या थडग्यावरच्या लेखातही तो जागोजागी नाही. उरलं 'नॉक्टे'. त्यातल्या 'क्ट'चा इटालियनमध्ये 'त्त' झाला, स्पॅनिशमध्ये 'च', पोर्तुगीजमध्ये 'इत' (नोइत), रोमानियनमध्ये 'प्त' (न्वाप्ते). हा नियम की योगायोग? दुसरा शब्द लावून बघा. 'ऑक्टो' म्हणजे आठ: ऑत्तो, ओचो, ओइतु, ऑप्त. जुळतं.

मग आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो ते, बघायचं. आघाताचा स्वर सहसा तग धरतो, त्याच्या शेजारचे पडतात. 'ऑकुलुम' (डोळा) मधला 'कु' असाच आक्रसला. 'अपेंडिक्स प्रोबी' ही लॅटिन शब्दांच्या 227 दुरुस्त्यांची जुनी यादी इथे फार कामाची, कारण 'ऑकुलुस (याच शब्दाची प्रथमा) म्हणा, ऑक्लुस नको' असं त्यात स्पष्ट बजावलंय. गुरुजी हरले, 'ऑक्लुस' जिंकला! इटालियन 'ऑक्क्यो', पोर्तुगीज 'ओल्यु', स्पॅनिश 'ओहो' हे सगळे त्या 'चुकी'चे वंशज. त्याच यादीतल्या 'स्पेक्लुम'चेही (आरसा) तसेच: स्पेक्क्यो, एस्पेल्यु, एस्पेहो.

सगळ्यात जास्त फसवतात ते तत्सम शब्द. फ्रेंचमध्ये 'फ्रॅल' आणि 'फ्राझिल' दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे, पण पहिला तोंडातोंडी झिजत आलेला तद्भव आणि दुसरा विद्वानांनी नंतर ग्रंथातून उचललेला. असे उसने शब्द आधी बाजूला काढा, नाहीतर प्रत्येक ध्वनिनियमाला खोटे अपवाद दिसू लागतात.

व्याकरणात मला भविष्यकाळ सगळ्यात रंजक वाटतो. 'कान्ताबित' म्हणजे गाईल, 'कान्तावित' म्हणजे गायलं. दोन स्वरांमधले 'ब' आणि 'व' बोलण्यात एक झाले आणि हा फरकच पुसला गेला. मग लोक 'कान्तारे हाबेओ' म्हणू लागले, म्हणजे साधारण 'मला गायचं आहे'. पुढे हे दोन शब्द चिकटले: फ्रेंच 'शांतरे', स्पॅनिश 'कान्तारे', इटालियन 'कान्तेरॉ'. सांधा अजून बघायचा असेल तर युरोपातली लेखी पोर्तुगीज उघडा. 'दारेइ' म्हणजे 'देईन'. पण 'तुला देईन' म्हणायचं तर सर्वनाम थेट क्रियापदाच्या पोटात शिरतं: 'दार-ते-एइ'. रोमानियन मात्र या वाटेला गेली नाही. तिने 'इच्छिणे' या अर्थाचं क्रियापद मदतीला घेतलं आणि ते आजही पुढे सुटंच लिहितात: 'वोय कन्ता'.