मंडई तीनला बंद

मुलगी नोकरीसाठी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला गेली आणि पहिल्याच आठवड्यात फोनवर कुरकुरली, "आई, इथली मंडई दुपारी तीनला बंद होते गं!" ठाणेकराला हे पचणं कठीणच. आमचं बाळकडू वेगळं. लोकलमधून गर्दीबरोबर बाहेर पडायचं, स्टेशन रोडला मेथीची जुडी उचलायची, जांभळी नाक्यावर फुलांची पुडी घ्यायची आणि नौपाड्यात घर गाठायचं. रात्री नऊला भाजीवाला आवरायला लागला तर आम्हालाच राग येतो.

आता शनिवारी ती पिशवी घेऊन निघते आणि मला व्हिडिओ कॉल लावते. उन्हाळ्यात तिचे बारा म्हणजे आपले साडेतीन. मी इथे चहाचा कप धरून तिथली मंडई फिरून घेते. १९२८ साली उघडलेली ही सेंट्रल मार्केटची इमारत लोखंड, काच आणि रंगीत टाइल्सची, घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पोपट! गाळ्यासमोर रांग म्हणून दिसत नाही. आल्याआल्या "शेवटचं कोण?" विचारायचं, की त्याच्यामागे आपला नंबर. आपल्याकडे हे चाललं नसतं. "दादा, नुसती कोथिंबीर द्या हो आधी" म्हणत मीच पुढे घुसले असते.

एकदा तिने मूठभर चपट्या पांढऱ्या बिया कॅमेऱ्यासमोर धरल्या. तिथे त्यांना गार्रोफो म्हणतात. "अगं, ही तर डबल बी!" मी ओरडले. या बिया, रुंद हिरव्या शेंगा, कोंबडी, ससा आणि केशर घालून पसरट कढईत करतात तो तिथला भात, पाएया. आमच्या लेकीच्या पाएयातून ससा वगळलेला असतो, हे तिच्या शेजारणीला अजून मान्य नाही. भात ढवळायचा नाही, तळाशी खरवड धरली पाहिजे, आणि खायचा तो दुपारीच. रात्री पाएया मागणारा हमखास पर्यटक! मला हा हट्ट आवडतो. डबाभर मेतकूट नेलेलं आहेच, पण ज्या गावात राहायचं त्याची भूक त्याच्याच वेळेला लागायला हवी.

मंडईसमोरच रेशमाच्या व्यापाराची जुनी पेठ आहे, पिळदार खांबांची. १९९६पासून ती जागतिक वारशात आहे. छानच आहे, पण मला त्याहून भावलं ते पाटाच्या पाण्यावरचे तंटे मिटवणारं पाण्याचं न्यायालय. दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दारात बसतं. तुरिया नदीच्या पाटांवरचे शेतकरी आपल्यातूनच न्यायाधीश निवडतात. काळे डगले घातलेले, कामकाज सगळं तोंडी, आणि निकालावर अपील नाही. शेकडो वर्षांची ही रीत २००९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

लेकीने त्यासाठी खास अर्धी रजा टाकली. मी फोन भिंतीला टेकवून बसले. पुकारणारा एकेका पाटाचं नाव घेऊन तक्रार आहे का विचारत होता. कोणीच पुढे आलं नाही, आणि काही मिनिटांत मंडळी उठलीसुद्धा.

"एकही तक्रार नाही?" मी दोनदा विचारलं. माझं माहेर धुळ्याकडचं, पांझरेकाठचं, फडाच्या, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने आलेल्या, शेतकऱ्यांनी पाळीपाळीने वाटून घेतलेल्या पाण्यावर वाढलेलं. पाळीवरून पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी कोणी भांडलं नाही असा एक हंगाम मला आठवत नाही.